पद मागणाऱ्याला आधी काम द्या : मंडळ्यांच्या पाळकांना, वडिलांना आणि समिती सभासदांना खुले पत्र

ख्रिस्तात प्रिय पाळक, वडील आणि समिती सभासदहो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

वार्षिक सभेची तारीख जाहीर झाली की व्यासपीठावरून फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचला जातो. तट पाडू नका, पोकळ डौल मिरवू नका, लीनतेने एकमेकांना श्रेष्ठ माना. सगळे ‘आमेन’ म्हणतात. त्याच दुपारी फोन सुरू होतात. कोणाचे नाव कोण सुचवणार, अनुमोदन कोण देणार, कोणत्या घराण्याची किती मते, खजिनदाराला यंदा हलवायचे की नाही. उपदेश खोटा नसतो आणि ऐकणारे सगळे ढोंगी असतात असेही नाही. पण स्वार्थी महत्त्वाकांक्षा नुसत्या ऐकण्याने जात नाही. मंडळीचा कारभार ज्या रीतीने चालतो त्या रीतीवरच ती पोसली जाते, आणि ती रीत तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र सगळ्या मंडळीला न लिहिता तुम्हाला लिहिले आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. काही करून दाखवण्याची इच्छा हे पाप नव्हे. अध्यक्षाचे काम करू पाहणारा चांगल्या कामाची आकांक्षा धरतो, असे 1 तीमथ्य 3:1 मध्ये स्पष्ट म्हटले आहे. जिथे ख्रिस्ताचे नाव पोहोचलेले नाही तिथेच सुवार्ता सांगायची, ही पौलाची हौस होती आणि ती तो रोमकरांस पत्रात (15:20) उघड सांगतो. तरुणांनी जबाबदारी मागितली की त्यांना ‘गर्विष्ठ’ म्हणून गप्प बसवणारे मंडळीतले वडील बहुतेक वेळा स्वतःची खुर्चीच सांभाळत असतात. याकोबाच्या पत्रात (3:14-16) ज्या वृत्तीवर बोट ठेवले आहे ती वेगळी. तिच्यात मत्सर आहे, तट आहेत आणि त्यातून अव्यवस्था निपजते. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो. हेच काम दुसऱ्याच्या हातून आपल्यापेक्षा चांगले झाले, तर या माणसाला आनंद होईल की दुःख?

मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपल्या मरणाविषयी तीनदा स्पष्ट बोलतो (8:31, 9:31, 10:33-34). तिन्ही वेळा शिष्य भलतीकडेच जातात. पहिल्यांदा पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. दुसऱ्यांदा ‘आपल्यात मोठा कोण’ यावर वाटेत वाद होतो. तिसऱ्यांदा जब्दीचे मुलगे, याकोब आणि योहान, उजवीकडची आणि डावीकडची जागा मागतात. मत्तयाप्रमाणे ही मागणी घेऊन त्यांची आई आली होती. घरच्यांमार्फत शब्द टाकण्याची पद्धत आजची नाही. लूकने तर मोठेपणाचा वाद शेवटच्या भोजनाच्या मेजावरच नोंदवला आहे (22:24).

इथे वाचताना एक ओळ आपल्या हातून नेहमी निसटते. बाकीच्या दहा जणांना याकोब आणि योहान यांचा राग आला (मार्क 10:41). तो राग नम्रतेतून आलेला नव्हता. जागा त्यांनाही हव्या होत्या, मागायचे धाडस मात्र दोघांनीच केले. येशू मग दहाही जणांना जवळ बोलावतो आणि बाराही जणांना एकच गोष्ट सांगतो: मोठे व्हायचे असेल त्याने सेवक व्हावे, पहिले व्हायचे असेल त्याने सर्वांचा दास व्हावे. मोठे होऊ नका, असे तो म्हणत नाही. तो वाट बदलतो. समितीत एखाद्याच्या महत्त्वाकांक्षेवर चर्चा सुरू झाली की सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याकडेही एकदा पाहावे, ते याचसाठी.

आता जरा अवघड भागाकडे येतो. ‘सेवा करा म्हणजे गर्व जाईल’ एवढे सांगून भागत नाही, कारण सेवा हीच पदाची शिडी होऊ शकते. याचे सर्वांत नेमके चित्र 2 शमुवेल 15:1-6 मध्ये आहे. दावीद राजाचा मुलगा अबशालोम पहाटे उठतो आणि वेशीच्या वाटेवर उभा राहतो. फिर्याद घेऊन आलेल्या प्रत्येकाची चौकशी करतो, गाव विचारतो, गाऱ्हाणे ऐकतो. कोणी मुजरा करायला वाकला तर त्याला धरून त्याचे चुंबन घेतो. वरवर पाहिले तर आदर्श सेवक! पण त्याच्या पुढे धावायला पन्नास माणसे आहेत. ‘तुझे म्हणणे खरे आहे, पण राजाकडून ऐकणारा कोणी नाही,’ हे तो प्रत्येकाला सांगतो. आणि ‘मी न्यायाधीश असतो तर’ हे वाक्य त्याच्या तोंडी ठरलेले आहे. अशा रीतीने त्याने इस्राएलाची मने चोरली, असे शास्त्र म्हणते.

मंडळीतल्या सेवेची पारख करताना या तीन खुणा वापराव्यात. सेवा फक्त वेशीवर, म्हणजे चारचौघांना दिसेल तिथेच होते का? सेवा करताना दुसऱ्या कार्यकर्त्याची उणीदुणी सांगितली जातात का? आणि बोलणे शेवटी ‘माझ्या हातात असते तर’ इथे येऊन थांबते का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर तो माणूस कितीही राबत असला तरी त्याला अजून पद देऊ नये.

मग करायचे काय? डीकनांच्या, म्हणजे मंडळीतल्या नेमलेल्या सेवकांच्या बाबतीत 1 तीमथ्य 3:10 मध्ये क्रम दिला आहे: आधी पारख, मग सेवकपण. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. आधी निवड होते, मग कामाची वाटणी, आणि काम जमत नाही हे दुसऱ्या वर्षी कळते. आमची सूचना अशी की कोणत्याही पदासाठी नाव येण्याआधी त्या व्यक्तीने निदान एक वर्ष असे काम केलेले असावे, ज्याची घोषणा होत नाही आणि ज्याला पदनाम नाही. एक वर्ष यासाठी की पहिले काही आठवडे कोणीही उत्साहावर निभावतो. खरी ओळख उत्साह ओसरल्यावर होते: पाऊस असतो, घरी पाहुणे असतात, कोणी विचारत नाही, तेव्हा.

कामे शोधावी लागत नाहीत. उपासनेच्या तासभर आधी येऊन सभागृह उघडणे आणि झाडणे. खुर्च्या लावणे, आणि मुख्य म्हणजे सगळे गेल्यावर त्या पुन्हा रचून ठेवणे. प्रभुभोजनाचे पेले धुऊन, पुसून, मोजून कपाटात ठेवणे. प्रीतिभोजनानंतरची मोठी भांडी घासणे. शौचालय साफ करणे. ज्याला ऐकू कमी येते त्याच्याशेजारी बसून उपदेशातली वचने काढून देणे. अंथरुणाला खिळलेल्यांकडे ठरलेल्या दिवशी जाणे.

या शेवटच्या कामाची थोडी शिस्त सांगायला हवी, कारण ते सोपे वाटते आणि तिथेच बिघडते. जाण्याआधी विचारावे. भेट पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लांबवू नये, आजारी माणूस ‘बसा’ म्हणाला तरी. उभ्याने बोलू नये. बसावे, म्हणजे पाहणाऱ्याला मान वर करावी लागत नाही. एकच लहान वचन वाचावे, प्रार्थना थोडक्यात करावी, आजाराचे कारण आणि पाप यांची सांगड घालू नये. निघताना ‘काही लागले तर सांगा’ असे मोघम म्हणू नये. तसे म्हटल्यावर सहसा कोणी सांगत नाही. ‘औषधे आणायची आहेत का? पाणी भरून ठेवू का?’ असे नेमके विचारावे. फोटो काढू नये. घरात पाहिलेले बाहेर सांगू नये, प्रार्थनेची विनंती म्हणूनसुद्धा. आणि पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी पुन्हा जावे. एकदाच गेलेला पाहुणा ठरतो. सेवा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून सुरू होते.

अशी कामे पाळीने वाटण्याची रीत मंडळीला नवी नाही. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी जो नियम घालून दिला, त्याच्या पस्तिसाव्या अध्यायात स्वयंपाकघराच्या पाळीची तपशीलवार व्यवस्था आहे. आजारी असलेल्याला किंवा तितक्याच महत्त्वाच्या कामात गुंतलेल्याला सोडून कोणालाही सूट नाही. पाळी आठवड्याची. ती संपवणाऱ्याने शनिवारी साफसफाई करायची आणि सगळ्यांनी वापरलेले टॉवेल धुवायचे. जाणारा आणि येणारा या दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत कोठाराच्या कारभाऱ्याकडे परत द्यायची. जे अशक्त आहेत त्यांना मदतनीस द्यायचे, म्हणजे काम करताना त्यांचे मन खिन्न होणार नाही. हा शेवटचा मुद्दा फार शहाणपणाचा आहे. नम्रता शिकवायची म्हणून माणसाला मोडायचे नसते. त्याच नियमाच्या सत्तावन्नाव्या अध्यायात कसबी कारागिरांविषयी म्हटले आहे की आपल्या कसबामुळे मठाचे भले होते असे वाटून कोणी फुगला, तर त्याला त्या कामावरून काढावे आणि तो नम्र झाल्यावरच परत घ्यावे. गायनमंडळाच्या बाबतीत हे वाचून काही जण हसतील. हसू द्यावे, आणि अमलात आणावे.

बिघाड कुठे होतो, हेही आम्ही नीट पाहिले आहे.

सर्वांत मोठा बिघाड असा की हलकी मानलेली कामे पाळीने न फिरता काही ठरावीक लोकांकडेच साचतात: स्त्रिया, गरीब कुटुंबे, नव्याने विश्वासात आलेले. वडील मात्र पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी बारा जणांचे स्वच्छ पाय पुन्हा धुतात. त्या विधीला आमचा विरोध नाही. पण योहान 13 मध्ये येशू भोजनावरून उठला, बाहेरची वस्त्रे काढून ठेवली, कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, आणि त्या पायांत त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. जो वर्षभर एकदाही झाडू धरत नाही, त्याचे एका दिवसाचे पाय धुणे मंडळीतली मुलेसुद्धा ओळखतात. म्हणून पाळीच्या यादीत पाळकांचे आणि प्रत्येक समिती सभासदाचे नाव असले पाहिजे, आणि त्यांनी बदली माणूस पाठवायचा नाही.

दुसरा बिघाड त्याहून घातक आहे. ‘नम्र व्हा’ हे वाक्य वरचा माणूस खालच्याला सुनावतो तेव्हा ते शस्त्र होते. हिशेब विचारला, नम्र व्हा. कार्यकर्त्याने गैरवर्तनाची तक्रार केली, क्षमा करा आणि नम्र व्हा. फिलिप्पैकरांस पत्रातला क्रम पाहा: देवाच्या स्वरूपाचा असूनही ज्याने स्वतःला रिक्त केले, तो ख्रिस्त वरून खाली आला. लीनतेची अपेक्षा आधी ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्याकडून. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना लीनतेचे धडे दिले नाहीत. सात जण निवडायला सांगितले. त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. म्हणजे, दिसते त्यावरून, ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती कारभार आला. तक्रारीला असे उत्तर देणारी समिती असेल तर नम्रतेवर वेगळा उपदेश लागत नाही.

तिसरा बिघाड सूक्ष्म आहे: गुप्त सेवेचा गाजावाजा. ‘मी कधी कोणाला सांगत नाही, पण...’ अशी सुरुवात झाली की समजावे. मत्तय 6:3-4 ची शिस्त यासाठीच आहे. प्रत्येक सेवकाने आठवड्यातून एक तरी काम असे करावे जे पतीला, पत्नीला, पाळकालाही कळणार नाही. साक्षीत त्याचा उल्लेख नको. आणि समितीने व्यासपीठावरून आभाराच्या लांबलचक याद्या वाचणे थांबवावे. त्या यादीतून एक नाव राहिले की सहा महिने रुसवा चालतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आभार मानायचेच तर त्या माणसाला भेटून मानावेत.

पदव्यांचेही तसेच. पोप ग्रेगरी पहिला (590-604) स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवून घेत असे. पुढे तेच शब्द पोपपदाच्या अधिकृत बिरुदांत जाऊन बसले. नम्रतेचे नाव घेऊनही मान साचतो, तर नामफलक, राखीव खुर्ची आणि हार यांनी किती साचत असेल!

आणखी एक. येशू पाय धुवायला आला तेव्हा पेत्र म्हणाला, ‘माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत.’ दुसऱ्याकडून सेवा घेता न येणे हाही गर्वच. जो वडील आजारपणातसुद्धा कोणाला घरी येऊ देत नाही, मदत घेत नाही, रजा घेत नाही, तो ‘माझ्यावाचून चालत नाही’ हे स्वतःला पटवत असतो. थकून कोसळणारे कार्यकर्ते बरेचदा याच वाटेने जातात.

महत्त्वाकांक्षा नेहमी अध्यक्षाच्या खुर्चीतच बसलेली नसते. ती चाव्यांच्या जुडग्यात असते. हिशेबाच्या वहीत असते, ध्वनियंत्रणेच्या कपाटात असते, मंडळीच्या व्हॉट्सॲप गटाच्या ॲडमिनपदात असते. जिथे एखादी गोष्ट एकाच माणसाला माहीत असते, तिथे त्याचे छोटे राज्य उभे राहते. 3 योहान 9-10 मधला दियत्रफेस असाच: अग्रगण्य होण्याची लालसा, दुसऱ्यांविरुद्ध बडबड, बंधूंचा स्वीकार नाही, आणि जे स्वीकारू पाहतात त्यांना मंडळीबाहेर काढणे. दार त्याच्या ताब्यात होते. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक कामाला दोन जाणकार हवेत. दानार्पण नात्यात नसलेल्या दोघांनी एकत्र मोजावे, आकडा तिथेच शाईने लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पद घेतल्यापासून वर्षभरात आपल्या जागी काम करू शकेल असा एक जण तयार करणे ही प्रत्येक पदाधिकाऱ्याची जबाबदारी मानावी आणि समितीने ती विचारावी.

तयार करणारा कसा असतो ते बर्णबाकडे पाहून कळते. अंत्युखियातले काम वाढले तेव्हा तो स्वतः तार्सास जाऊन शौलाला, म्हणजेच पौलाला, शोधून घेऊन आला (प्रे. कृ. 11:25-26). सुरुवातीला लेखनात क्रम आहे ‘बर्णबा व शौल’. तेराव्या अध्यायातच तो ‘पौल व बर्णबा’ होतो. बर्णबाने यावर काही हरकत घेतल्याची नोंद नाही. पुढे दोघांत तीव्र मतभेद झाले, पण ते मार्काला बरोबर न्यायचे की नाही यावरून. पहिले नाव कोणाचे यावरून नाही.

एखादा कार्यकर्ता या वृत्तीत अडकलेला दिसला तर त्याच्याशी कसे बोलावे? सभेत नाही. एकट्यात, दोघांनी जाऊन, आणि वृत्तीबद्दल नव्हे तर घटनेबद्दल. ‘तुम्ही गर्विष्ठ झाला आहात’ याला उत्तर फक्त भांडणाने मिळते. ‘मागच्या दोन बैठकांत तरुण संघाचा विषय तुम्ही मांडू दिला नाहीत, का?’ याला उत्तर देता येते. नंतर त्याला तीन गोष्टी करायला सांगाव्यात: ज्याच्याशी चुरस आहे त्याच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना, त्याच्या एका चांगल्या कामाचा चारचौघांत खरा उल्लेख, आणि तीन महिने त्याच्या हाताखाली एखादे काम. पहिली गोष्ट बहुतेक जण मान्य करतात. दुसरीला वेळ लागतो. तिसरीला नकार आला तर पुढच्या निवडीत त्याचे नाव घेऊ नये, आणि का घेतले नाही हे त्याला तोंडावर सांगावे, पाठीमागे नाही.

निवडीच्या नियमांत आम्ही एवढेच सुचवतो. उमेदवाराने किंवा त्याच्या घरच्यांनी मत मागितले तर नाव बाद. मुदत तीन वर्षे, लागोपाठ दोनपेक्षा अधिक वेळा नाही. मधले एक वर्ष पद नाही, पण पाळीच्या यादीत नाव मात्र राहील. जो निवडून येणार नाही त्याची विचारपूस पाळकाने त्याच आठवड्यात करावी. यहूदाच्या जागी नवा प्रेषित निवडताना चिठ्ठी मत्थियाची निघाली. ‘युस्त’ हे उपनाव असलेला योसेफ बर्सबा राहिला. येशूबरोबर सुरुवातीपासून चाललेला तो माणूस तितकाच लायक होता, म्हणूनच त्याचे नाव पुढे आले होते. आपल्या मंडळीतल्या बर्सबांचे पुढे काय होते, ते मंडळी सोडतात की काम धरून राहतात, याची नोंद तुमच्यापैकी कोणी ठेवतो का?

पुढच्या मासिक बैठकीत हे पत्र वाचावे ही विनंती. सगळे एकदम मान्य होणार नाही, त्याची अपेक्षाही नाही. पाळीची यादी मात्र त्याच बैठकीत तयार करावी. पहिल्या महिन्याच्या स्वच्छतेला अध्यक्ष आणि चिटणीस यांची नावे लिहावीत, आणि सभागृहाच्या चाव्यांची दुसरी जोडी कोणाकडे राहील ते इतिवृत्तात नोंदवावे.

ख्रिस्तसेवेत तुमचे,
मंडळीच्या कार्यकर्त्यांना शिकवण्याच्या कामात असलेले काही सहविश्वासी